एकाच आसनाच्या दोन वाटा

मुंबईच्या उच्च न्यायालयाचे कामकाज १८६२ मध्ये सुरू झाले, तेव्हा एतद्देशीयाने तेथील न्यायासनावर बसणे कायद्याने अशक्य नव्हते. व्यवहारात मात्र ते दुर्घटच होते. १८६१ च्या कायद्याने न्यायाधीशांच्या किमान एक-तृतीयांश जागा बॅरिस्टरांसाठी आणि तितक्याच सनदी नोकरांसाठी राखून ठेवल्या होत्या. उरलेल्या जागांना दोन दारे होती: कनिष्ठ न्यायखात्यातील नोकरी किंवा दहा वर्षांची वकिली. न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग वकिलीच्या दाराने आत गेले. त्यांच्यानंतर आलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे नोकरीच्या.

तेलंगांचा जन्म १८५० चा, मुंबईतील गौड सारस्वत कुटुंबातला. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए., एलएल.बी. झाल्यावर विलायतेस न जाता त्यांनी १८७२ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण केली. बॅरिस्टरांच्या बरोबरीने उभे राहण्याचा अधिकार या कठीण परीक्षेने मिळे. त्यांचे खरे भांडवल मात्र संस्कृत होते. मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत १८८२ मध्ये गीतेचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारा हा वकील मिताक्षरा व व्यवहारमयूख मुळातून वाचू शके. त्याच वर्षी ते हंटर शिक्षण आयोगाचे सभासद होते, तर १८८४ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात आले. नानाभाई हरिदास यांच्या निधनानंतर, १८८९ मध्ये, तेलंग न्यायमूर्ती झाले. वय चाळिशीच्या आतच होते!

या पदावर त्यांना जेमतेम चार वर्षे मिळाली. तेवढ्यात आपाजी नरहर कुलकर्णी यांचा खटला पूर्णपीठापुढे आला. बाप स्वतः आपल्या बापाशी वा भावांशी अविभक्त असताना, त्याच्या संमतीवाचून मुलाला वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागता येईल काय, हा प्रश्न होता. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही त्याचे मोल सांगावयास नको. बहुमत 'नाही' म्हणाले. तेलंगांनी भिन्नमत नोंदवून मुलाचा हक्क मान्य केला. मुंबई इलाख्यात बहुमताचाच निर्णय चालला. मद्रासच्या न्यायालयाने मात्र पुढे मुलाच्या बाजूनेच कौल दिला.

सहकाऱ्यांपुढे असे उभे राहणारे तेलंग घरात मात्र नमले. १८९३ मध्ये त्यांनी आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह करून दिला, आणि सुधारकांना तो जिव्हारी लागला. त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले. आदल्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले होते.

रिकाम्या आसनावर रानडे आले. ते तेलंगांहून आठ वर्षांनी वडील, पण पोहोचले चार वर्षांनी मागून. १८७१ मध्ये पुण्यास सबजज्ज झालेल्या या विद्वानाला सरकारी संशयापायी नाशिक, धुळे अशा बदल्या सोसाव्या लागल्या. वकिलाला सरकार फार तर दुर्लक्षिते. नोकराला हलवू शकते. नोकरीची वाट लांब होती ती याच अर्थाने.

रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये निघाला. त्याच्या शेवटी त्यांनी मराठी बखरींविषयीचा दिवंगत तेलंगांचा निबंध जोडला. पुढल्या जानेवारीत रानडेही गेले.