अंडीं, चुना आणि चित्ररक्षक

जुनें चित्र दुरुस्त करणारानें स्वतः चित्र काढावयास शिकावें काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपांत हें काम बहुधा चित्रकारांकडेच असे, आणि त्यांच्या कुंचल्यास मोह आवरत नसे. भेग बुजवितां बुजवितां मूळ चेहऱ्यावरच नवा रंग चढे. चित्रकाराचा हातच येथें नको, असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मात्र नेमका उलट मार्ग धरला गेला.

तेथील फॉग कलासंग्रहालयाचे संचालकपद एडवर्ड वाल्डो फोर्ब्स यांनीं १९०९ पासून १९४४ पर्यंत सांभाळलें. तत्त्वज्ञ इमर्सन यांचे हे दौहित्र. जुन्या चित्रपद्धति हातानें करून पाहण्याचा एक वर्ग ते घेत. विद्यार्थी त्यास थट्टेनें ‘अंडीं आणि गिलावा’ म्हणत. थट्टा खरी, पण वर्णन तंतोतंत! लाकडी फळीवर सरसाचा पांढरा लेप चढवावयाचा, तो घासून गुळगुळीत करावयाचा, आणि अंड्याच्या पिवळ्या बलकांत रंग खलावयाचा. हा रंग पाहतां पाहतां वाळतो. तेलरंगासारखा एकांत एक मिसळतां येत नाहीं. म्हणून बारीक रेघेशेजारीं रेघ देऊनच छाया साधावी लागते. भिंतीवर एका दिवसांत रंगवून होईल तेवढाच चुन्याचा गिलावा थापावयाचा. ओला चुना हवेंतील कार्बानिक वायु घेऊन घट्ट होतो व रंगास आपल्यांत बांधून टाकतो. कोरड्या भिंतीवर दिलेल्या रंगास हें कवच मिळत नाहीं. अजिंठ्याचीं चित्रें अशा कोरड्या गिलाव्यावरचीं आहेत. तेथें ओला फडका काय अनर्थ करील, हें स्वतः गिलावा थापलेल्या मुलास निराळें सांगावें लागत नाहीं.

सर्वांत मोलाचा धडा हिरव्या मातीचा. चौदाव्या शतकांतील इटालियन चित्रकार अंगकांतीखालीं प्रथम हिरव्या मातीचा हात देत व त्यावर गुलाबी छटांचे पातळ थर चढवीत. चेन्नीनो चेन्नीनी यांच्या ग्रंथांत ही कृति आहे. फोर्ब्स यांचे शिष्य डॅनियल टॉम्प्सन यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९३३ सालीं निघालें. पण वरचे थर किती नाजूक, तें वाचून कळत नाहीं. ते मळ समजून पुसले गेल्यामुळें हिरवट चेहऱ्याच्या मेरीमाता आज कित्येक संग्रहालयांत दिसतात.

१९२८ च्या सुमारास फॉगमध्यें जॉर्ज स्टाउट व रसायनज्ञ रुदरफोर्ड गेटन्स यांचा संशोधन विभाग सुरू झाला. रंग कोणता, हें रसायनशास्त्र सांगूं लागलें. तो कसा लावला, तें मात्र हातासच ठाऊक.

तोच हात नक्कलहि करील, ही भीति उरतेच. रोम येथें १९३९ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत चेझारे ब्रांदी यांनीं तोड काढली : गेलेला भाग उभ्या बारीक रेघांनीं भरावा, म्हणजे दुरून चित्र अखंड दिसेल व जवळून दुरुस्ती लपणार नाहीं. पण अशी रेघ सरावावांचून येत नाहीं. न्यूयॉर्क विद्यापीठांत १९६० सालीं व डेलावेअर येथें १९७४ सालीं या विद्येचे उच्च वर्ग निघाले. अमेरिकेंत अशा वर्गांत प्रवेश मागणारांस आधींच रसायन व कलेतिहास यांबरोबर प्रत्यक्ष चित्रकाम करावें लागतें, आणि मुलाखतीस येतांना स्वहस्तें केलेलें काम बरोबर आणावें लागतें.