आजोबांचा चाकू

खापरच्या आमच्या जुन्या घरात एक घडीचा चाकू आहे. सांबरशिंगाची मूठ, एकच पाते, तेही धार लावलावून निम्मे झिजलेले. आजोबा सांगत, हा औट्रमसाहेबाने आपल्या खापरपणजोबांना दिला. गावाचे नाव खापर आणि गोष्ट खापरपणजोबांची, म्हणून लहानपणी ती आम्हांला दुप्पट खरी वाटे. शिवाय जेम्स औट्रमने 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली, हे तर इतिहासातच आहे.

यंदा शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन ठरले आणि चाकूखालच्या चिठ्ठीचा मजकूर माझ्याकडे आला. लिहिण्यापूर्वी पात्याच्या मुळाशी भिंग धरले. चांदणी आणि माल्टाचा क्रूस! शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांची ही खूण 1764 पासूनची. या कारखान्याला 1822 मध्ये चौथ्या जॉर्जचा राजाश्रय मिळाला आणि पात्यांवर मुकुट व राजाची आद्याक्षरे उमटू लागली. आमच्या पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ होते. चौथा जॉर्ज 1820 ते 1830 गादीवर होता. 1825 त्यातच बसते! त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो.

सकाळी उन्हात पुन्हा पाहिले, तो गंजाखालून आणखी एक शब्द वर आला: ‘इंग्लंड’. तेवढ्याने गोष्ट कोसळली. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने केली, आणि त्यापायी शेफील्डच्या पात्यांवर हा शब्द सर्रास येऊ लागला. औट्रमच्या वेळच्या पात्यावर तो कशाला असेल? तेव्हा हा जॉर्ज चौथा नव्हे; पाचवा किंवा सहावा, म्हणजे 1910 ते 1952 या काळातला. लिंबू चिरले की पाते काळे पडते, म्हणून ते बिनगंजी पोलाद नव्हे. पण तसले पोलाद 1913 मध्ये शेफील्डलाच निघाल्यावरही साधी पाती होतच राहिली, तेव्हा त्या पुराव्याचा उपयोग नाही. मुठीची मात्र गंमत आहे. शेफील्डला सांबरशिंगे हिंदुस्थानातूनच जात. शिंग इथून गेले आणि मूठ होऊन परत आले!

मग औट्रम आला कुठून? आजोबा खादी वापरीत. सप्टेंबर 1942 मध्ये नंदुरबारला गोळीबारात पडलेल्या शिरीषकुमारचे नाव ते हात जोडून घेत. अशा माणसाच्या खिशात विलायती चाकू! तो त्यांनी स्वतःच विकत घेतला असावा, आणि कुणी विचारलेच तर वाडवडिलांकडून आला असे सांगणे सोयीचे पडले असावे. हा माझा तर्क. पाते एवढे बोलत नाही.

चिठ्ठीत मी ‘आजोबांचा, नित्य वापरातला’ असे लिहिले आणि भीतभीतच आत्याला वाचून दाखवले. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची. बराच वेळ गप्प राहिली.

“म्हणजे बाबांचाच ना रे?” ती म्हणाली. “साहेबाचा म्हणून आम्हा पोरींना कधी हात लावू दिला नाही त्यांनी.”

आणि चाकू उघडून तिने समोरच्या ताटलीतले लिंबू चिरले.