शर्यत सुरू, चॅनल बंद

१९ जून २००५. इंडियानापोलिसला दुपारचा एक वाजत होता, तेव्हा बदलापुरात रात्रीचे साडेअकरा झाले होते. शर्यतीआधीची फॉर्मेशन फेरी मारून मिशलिन टायरवरच्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या. ट्रॅकवर उरल्या सहा. त्यांतल्या पिवळ्या जॉर्डनमध्ये कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन बसला होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाच्या नावावर पहिल्यांदाच गुण लागले, पाच. जगाने त्या शर्यतीला फार्स म्हटलं. इथल्या चाहत्यांनी मात्र ती जपून ठेवली. अर्थात ज्यांना पाहायला मिळाली, त्यांनी.

कारण बदलापुरातल्या सोनिवली, कुळगावात किंवा पलीकडे अंबरनाथला शर्यत दिसणं हा योगायोगाचा भाग होता. मुंबई शहर झगमगत असे, पण महावितरणच्या हद्दीत भारनियमनाचे दिवस होते. वीज असलीच तर प्रश्न केबलवाल्याचा. जुन्या केबलवर चॅनलांना जागा मोजकी. मालिका, सिनेमे आणि क्रिकेट स्वच्छ दिसणाऱ्या आकड्यांवर, आणि बाकीचे खेळ शेवटच्या, मुंग्या येणाऱ्या आकड्यांवर. त्यात जाहिराती. फॉर्म्युला वनमध्ये षटक संपत नाही, मध्यंतर होत नाही. त्यामुळे साबणाची जाहिरात संपेपर्यंत पुढचा मागे गेलेला असायचा आणि तो का गेला, हे कळायचं नाही.

दोष एकट्या केबलवाल्याचा नव्हे. दूरदर्शनच्या काळात तर मोटार शर्यत हा वाचायचा विषय होता. १९९१ मध्ये स्टार आलं आणि डिश बसवलेल्या घरांत परदेशी खेळ दिसू लागले. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना भांडत न्यायालयात गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. या निकालाने खासगी वाहिन्यांचा मार्ग मोकळा झाला, पण प्रेक्षकाचा हक्क म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचाच प्रेक्षक येत राहिला. २००४ च्या पाकिस्तान दौऱ्याचे सामने टेन स्पोर्ट्सकडे होते. तेव्हाही प्रकरण कोर्टात गेलं आणि दूरदर्शनला चित्र मिळालं. पुढे २००७ मध्ये कायदाच झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं. सरकारने यादी काढली त्यात ऑलिंपिक, क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, टेनिस होतं. मोटार शर्यत नव्हती.

खरं तर ती खेळ आहे की नाही, यावरच सरकार अडलेलं होतं. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रांप्री झाली, तेव्हा करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. २०११, १२, १३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबॅस्टियन फेटेलने जिंकल्या, आणि खेळ आटोपला. इथे शर्यतच टिकली नाही, तिथे तिच्या प्रक्षेपणासाठी कोण भांडणार?

टीव्हीवर शर्यत पाहायला त्यातल्या त्यात भरवशाचं होतं ते स्टार स्पोर्ट्स. २०२२ चा हंगाम संपला आणि तेही सुटलं. २०२३ मध्ये भारतात शर्यत कुठल्याच टीव्ही चॅनलवर नव्हती. फॉर्म्युला वनचं स्वतःचं अॅप घ्या, वर्गणी भरा, बघा. २०२४ पासून मुंबईच्या फॅनकोड या स्ट्रीमिंग अॅपने हक्क घेतले. आज चाहत्याला सराव, क्वालिफाइंग, शर्यत सगळं मिळतं, आणि त्याच्या जुन्या तक्रारीला उत्तर मिळालं असं म्हणावं लागेल. पण केबलच्या गोंधळात एक गंमत होती. रविवारी संध्याकाळी चॅनल बदलता बदलता कुणीतरी मोनॅकोवर अडकायचा, आणि पुढच्या रविवारी मुद्दाम शोधायचा. वर्गणी आधी भरून मग आवड लागणारा माणूस विरळा. या खेळाला नवा प्रेक्षक मिळणार कुठून, ही चिंता चाहत्याने करायची की हक्क विकणाऱ्याने?

ठाणे-रायगडच्या याच पट्ट्यात दुसरी एक शर्यत मोबाइलवर फुकट दिसते. बैलगाडी शर्यत २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली, आणि ती यूट्यूबवर थेट दिसू लागली. तिथे मैदानात कॅमेरे लागतात, समालोचक मराठीत बैलांची नावं घेत ओरडतो, आणि गाडामालकाला एकच हवं असतं, आपली जोडी जास्तीत जास्त लोकांना दिसावी.