रोहतासच्या चुनखडीचे वय

चुनखडी ओळखायला आपण वर्गात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो. दगडावर फेस येतो, मुले खूश होतात. पण तिचे वय सांगणारा असा थेंब नाही. रोहतासच्या चुनखडीने हे भूवैज्ञानिकांना चांगलेच शिकवले.

राजस्थानपासून बिहारपर्यंत विंध्य द्रोणी पसरली आहे. द्रोणी म्हणजे थरावर थर गाळ साठलेला प्राचीन खोलगट प्रदेश. बिहारमध्ये सोन नदीकाठी रोहतासगडाच्या डोंगरमाथ्यावर वालुकाश्म आहे आणि त्याखाली उथळ समुद्रात तयार झालेली ही चुनखडी. तिच्यावर सिमेंटचे कारखाने चालले. पण तिच्या वयाचे कोडे सुटत नव्हते.

१९९८ साली दोन शोध जाहीर झाले. झायलाकर, बोस व फ्लूगर यांना चुनखडीखालच्या चोरहाट वालुकाश्मात कृमींच्या बिळांसारख्या खुणा दिसल्या. त्यांच्या मते त्या सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या होत्या. त्याच वर्षी डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील आर. जे. आझमी यांनी रोहतास भागातील खडकांत सूक्ष्म कवचधारी जीवाश्म सापडल्याचे सांगितले. अशी कवचे इतरत्र सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. मग चुनखडीही तेवढीच तरुण ठरणार! वाद पेटला. काहींनी तर नमुन्यांच्या खरेपणावरच शंका घेतली.

निवाडा केला तो ज्वालामुखीच्या राखेने. राखेतील झिरकॉन स्फटिकांत युरेनियम असते. त्याचे ठरावीक गतीने शिसे होते. दोहोंच्या प्रमाणावरून वय काढता येते. २००२ साली दोन गटांनी चुनखडीखालच्या राखेच्या थरांचे वय काढले. ते १६० ते १६३ कोटी वर्षे भरले. २००४ साली खुद्द चुनखडीतील शिशाच्या समस्थानिकांनीही सुमारे १६० कोटींचाच आकडा दिला. इतक्या जुन्या काळातील खुणा प्राण्यांच्या मानणे आता अधिकच अवघड झाले.

मग आझमींचे जीवाश्म? २००९ साली बेंग्टसन व सहकाऱ्यांनी चित्रकूटचे नमुने नव्याने तपासले. जीवाश्म खरे होते. मात्र ज्या नळ्या कवचांसारख्या दिसत होत्या, त्या तंतुमय शैवालासारख्या जीवांच्या निघाल्या. म्हणजे पाहणे खोटे नव्हते. केवळ आकाराच्या साम्यावरून काढलेले अनुमान चुकले होते.

हा फरक मुलांना शिकवणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पुढच्या वेळी आम्लाचा थेंब टाकल्यावर वहीत दोन रकाने आखून घेऊ या: ‘काय दिसले’ आणि ‘त्यावरून काय वाटले’.