काशीचे शास्त्री आणि प्रभातचा पडदा

गजानन जागीरदार (१९०७–१९८८) यांच्या दीर्घ कारकीर्दीतील सर्वांत मोठी भूमिका एका अशा पुरुषाची होय, की ज्याचे घडणे पुण्यात नव्हे, तर काशीत झाले. माहुलीचा राम प्रभुणे साताऱ्याच्या सावकाराकडे चाकरीस असता धन्याच्या भिकबाळीकडे टक लावून पाहतो, 'अशी रत्ने विद्येने नाही तर शौर्याने मिळतात' अशा आशयाचा टोमणा ऐकतो आणि विद्येसाठी वाराणसीची वाट धरतो. ही आख्यायिका मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्रभात फिल्म कंपनीच्या 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटाने तीच पडद्यावर आणली. बालपणीचा राम अनंत मराठे यांनी, त्याची बालवधू बेबी शकुंतला यांनी आणि प्रौढ रामशास्त्री स्वतः जागीरदारांनी उभा केला. दिग्दर्शनही त्यांच्याच नावावर आहे; मात्र राजा नेने आणि विश्राम बेडेकर यांच्या हातांतून हे काम त्यांच्याकडे आले, हे विसरता येत नाही. शांताराम १९४२ साली कंपनीबाहेर पडल्यानंतरच्या प्रभातमध्ये असे हातबदल होणे स्वाभाविकच होते.

रामशास्त्र्यांची काशी म्हणजे केवळ गंगा आणि घाट नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकांत त्या नगरीतील धर्मशास्त्राची मोठी गादी दक्षिणी पंडितांच्या हाती होती. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ साली सिद्ध झाला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करण्यास १६७४ साली आलेले गागाभट्ट त्याच भट्ट घराण्यातले. रामशास्त्र्यांचे गुरू म्हणून परंपरा बाळंभट्ट पायगुंडे यांचे नाव सांगते. मिताक्षरेवरील 'बाळंभट्टी' ही टीका त्यांच्या मातोश्री लक्ष्मीदेवी यांच्या नावे प्रसिद्ध असून, स्त्रियांच्या वारसाहक्काविषयी तिची भूमिका उदार आहे. अशा परंपरेत घडलेला माणूस निर्भय होता एवढेच सांगून भागत नाही. तो विद्वान होता, आणि त्याची निर्भयता त्या विद्वत्तेतूनच आली होती.

येथेच नट जागीरदार आणि दिग्दर्शक जागीरदार यांचे मार्ग वेगळे होतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. प्रायश्चित्त हा शास्त्रातला शब्द आहे. तो संतापाचा उद्गार नव्हे, निर्णय होय. दिग्दर्शकाने या प्रसंगाला सद्गुण आणि दुष्टता यांच्या झुंजीचे रूप दिले. ललिता पवारांची आनंदीबाई आणि 'ध'चा 'मा' यांनी कथानकाला गती आली खरी, परंतु खलत्व इतके उघड झाले, की न्याय करण्यासाठी पांडित्याची गरजच उरली नाही. नटाने मात्र ते पांडित्य आपल्या वाणीत राखले. शब्दांची स्पष्ट तोड, वाक्याच्या शेवटी न चढणारा स्वर आणि समोरच्याच्या अधिकाराकडे न पाहता केवळ प्रश्नाकडे पाहणारी नजर यांतून, हा मनुष्य पुष्कळ वर्षे पोथीपुढे बसला आहे, अशी प्रतीती येते. काशीचे जे दर्शन पटकथेला घडवता आले नाही, ते या उच्चारांत घडते.

ही सिद्धी एका भूमिकेपुरती नव्हती. 'शेजारी' (१९४१) मध्ये जागीरदारांनी मिर्झा रंगवला होता. हिंदी 'पडोसी'त मिर्झा त्यांच्याकडे आणि हिंदू शेजारी मझहर खान यांच्याकडे, अशी मुद्दाम केलेली अदलाबदल होती. चाळीस वर्षांनी 'उमराव जान' (१९८१) मध्ये ते मौलवी झाले. मिर्झा, शास्त्री, मौलवी या तिघांचेही वजन बोलण्यात आहे, अंगबळात नाही. तरुण नायकाची झळाळी जागीरदारांपाशी नव्हती. वडीलधारेपण मात्र जणू उपजतच होते.

रामशास्त्र्यांविषयीची आणखी एक गोष्ट ग्रँट डफने नोंदवली आहे. माधवराव जपतपात गुंतलेले पाहून शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली: ब्राह्मणधर्मच आचरायचा तर दोघांनीही गंगातीरी जावे, नाहीतर राज्य सांभाळावे. ज्या नगरीने विद्या दिली तिचेच नाव येथे धन्याला कर्तव्याची आठवण देण्याकरिता उच्चारले गेले. इतकी नाट्यमय कलाटणी इतिहासात क्वचितच आयती मिळते.

चित्रसंस्था १९६० साली प्रभातच्याच आवारात स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुखपद जागीरदारांकडे आले. 'वैजयंता' (१९६१) हाही त्याच सुमाराचा. त्यांच्या दिग्दर्शनाची अखेरची मोठी खूण मात्र दूरदर्शनवरील 'स्वामी' (१९८७). रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील या मालिकेत माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव होत्या. त्रेचाळीस वर्षांपूर्वी न्यायासनाच्या बाजूने पाहिलेला काळ आता ऐंशीच्या उंबरठ्यावरील या दिग्दर्शकाने गादीच्या बाजूने पाहिला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, त्यांचे निधन झाले.