पायपेटीचा गंधार

मोताळा तालुक्यातील आमच्या धामणगाव बढे या गावी हरिनाम सप्ताहात पेटी बेसूर बोलू लागली, म्हणजे तिची एक ठराविक चौकशी सुरू होते. आधी भात्याचे कातडे कुठे फाटले आहे का ते पाहतात. मग कोणीतरी वरची फळी उचलून आतल्या सुरांवरची धूळ फुंकतो. बहुधा तेवढ्याने भागते. परंतु लहानपणी एका उन्हाळ्यात मी एक जुनी पायपेटी उघडलेली पाहिली होती. तिचा भाता शिवला, पायटे बांधले, सूर साफ केले. तरी तिचा गंधार काही भजनात मिसळेना. म्हातारा कारागीर हात पुसत म्हणाला, "बाळा, हा बिघाड नव्हे. ही जन्मली तेव्हापासून अशीच आहे."

त्याचे ते बोलणे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

पेटी ही मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा ती पायांनीच भाता मारण्याची होती. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांसाठी हातभात्याची पेटी पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने रूढ केली. मराठी रंगभूमीला मात्र पायाचे वाद्य अधिक मानवले. १८८० च्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटक उभे राहिले, आणि पुढे पायपेटी व ऑर्गन ही त्याच्या साथीची मुख्य वाद्ये झाली. पाय भात्याला दिले की दोन्ही हात मोकळे होतात, आणि आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन आणि कादरबक्ष यांची सारंगी शेजारी शेजारी बसत. ही जोडी लक्षात ठेवावी. तंटा तिथेच आहे.

पेटीचे खरे बिघाड थोडे आणि साधे असतात. पितळी सुरावर कचरा बसला तर तो उतरतो किंवा मुका होतो. सूर चढवायचा तर त्याच्या टोकाकडे कानस फिरवावी, उतरवायचा तर मुळाकडे. पायाचाही एक दोष आहे: फार जोराने भाता मारला तर विशेषतः खर्जातले सूर किंचित उतरतात. म्हणून चांगला पेटीवाला आधी पायांनी ओळखावा, बोटांनी नंतर. हे सर्व निस्तरता येते. निस्तरत नाही तो गंधार.

थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरली, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३०० चा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिचा गंधार ३०२.४ च्या आसपास येतो. फरक क्षुल्लक दिसतो. पण दोन्ही सूर एकत्र धरले की त्यांचे वरचे स्वनित एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला साडेनऊ वेळा थरथर ऐकू येते. पंचमात हीच थरथर सेकंदाला एकदाही पुरी होत नाही. म्हणूनच पंचम कोणाला बोचत नाही.

मग गंधार कानशीने ३०० वर का आणू नये? आणावा, पण मग षड्ज हलवू नये. शुद्ध लावलेल्या पेटीत रिषभ २७० आणि धैवत ४०० चा असतो. उद्या रिषभालाच षड्ज मानून गाणारा गवई आला, तर त्याला ४०५ चा पंचम हवा. पेटी देते ४००! गंधार सुधारावा तर पंचम बिघडतो. नाटक कंपनीत तर एकाची काळी एक, दुसऱ्याची पांढरी चार. सारंगीला पडदे नसल्यामुळे ती गायकाबरोबर सरकते. ऑर्गन जागचा हलत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा यत्न सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी केला. बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगाला लाभला, आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुतीची पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवर वाद झाला. भातखंडे यांना देवलांचे गणित पटले नाही. गळ्यातला सूर स्थिर नसतो, तो आंदोलत येतो, हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. तरीही सरकारी कामातून मोकळे झाल्यावर तारा मोजत बसलेल्या देवलांविषयी मला आदरच आहे.

गंमत अशी, की हीच चौकशी पुढे अमेरिकेत पेडल स्टील गिटारवर नव्याने झाली. १९५४ च्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स याने वाजती तार पायाने ताणली, आणि तो प्रकार रूढ झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज तसाच ठेवून दोन पायट्यांनी पंचमाचा धैवत आणि गंधाराचा मध्यम करायचा. पायटा दाबला की सांगाडा केसभर वाकतो, आणि न हललेला षड्जही उतरतो! तिथला वादकही गंधार यंत्राच्या आकड्याखाली, कानाने लावतो. मात्र त्याला तार आहे. कळ फिरवली की झाले. पितळ एकदा कानसले की परत येत नाही.

इकडे १९४० च्या मार्चमध्ये आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले. ती बंदी १९७१ साली सैल झाली. तीस वर्षे जिने सूर बिघडवले म्हणून शिक्षा भोगली, तिच्याच साथीवर खेड्यापाड्यांत भजने चालू होती, हे दिल्लीला ठाऊक होते की नाही कोण जाणे. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी पट्ट्यांना खटके बसवून बावीस श्रुतींची पेटी केली आहे. खटका ओढला की गंधार बदलतो. देवलांना ती पाहायला हवी होती.

आमच्या गावच्या पायपेटीला खटके नव्हते. कारागिराने तिचा गंधार कानसला नाही. त्याने वादकाला एवढेच सांगितले, की भजनात त्या पट्टीवर बोट फार वेळ ठेवू नकोस, आणि पाय हलका मार.