सातबाऱ्यावरचं बंडिंग



विहिरीच्या कर्जासाठी सातबारा काढला, तर इतर हक्कात जुनी ओळ तशीच. "बंडिंग बोजा रु. ११८". बँकेतल्या साहेबांनी कागद परत सरकवला. आधी बोजा कमी करून आणा, मग बघू. मी म्हणलं, साहेब, एकशे अठरा रुपये आत्ता खिशातून देतो. पण ते भरायचे कुठं, हे त्यांनाही सांगता येईना.

मग ही ओळ आली कुठून म्हणून थोडं वाचलं, थोडं म्हाताऱ्या माणसांना विचारलं.

तगाई हा शब्द पेशवाईच्या कागदातही सापडतो. इंग्रजांना मात्र शेतकऱ्याच्या कर्जाची जाग आली ती १८७५ नंतर. त्या साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची खतं जाळली. १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, १८८३ ला जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४ ला शेतकरी कर्जाचा. १८८३ च्या कायद्यातून विहीर, ताल. १८८४ च्यातून बी-बियाणं, बैल. पण हप्ता थकला की वसुली थकलेल्या साऱ्यासारखी, म्हणजे जमिनीवर गदा. माणसं बिचकायची. सावकार निदान रात्री दार उघडायचा. १९५१-५२ ला देशभर पाहणी झाली, गोरवाला समितीची. शेतकऱ्यानं काढलेल्या शंभर रुपयांत सरकारचे ३ रुपये ३० पैसे आणि सोसायट्यांचे ३ रुपये १० पैसे निघाले. सत्तर वर्षं कायदा असून एवढंच.

आमची ओळ मात्र तगाईची नाही. ती १९४२ च्या कायद्यातली, मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा. यात एकेकट्यानं अर्ज करायचा नव्हता. सगळ्या शिवाराची मिळून योजना करायची, समपातळीवर बांध घालायचे, खर्चाचा काही भाग सरकारनं सोसायचा आणि उरलेला जमीनमालकाकडून हप्त्यानं घ्यायचा. तोवर बोजा सातबाऱ्यावर. कल्पना चांगलीच होती. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू होतं, माती आणि पाणी जागेवर धरलं तर ज्वारी तगते हे कळलेलं होतं.

अडचण दोन ठिकाणी आली. समपातळीची रेघ कुणाची हद्द बघत नाही. आमच्या रानात बांध तिरका आला आणि वरच्या कोपऱ्यात दीड पांड रान अडकलं, तिथं औतच वळत नाही. दुसरं म्हणजे भारी काळ्या रानात पाणी मुरत नाही, बांधामागं तुंबतं. उन्हाळ्यात तोच बांध भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. आजोबांनी शेवटी एका जागी पहारीनं बांध फोडून पाणी काढून दिलं. साहेब लोक चिडले असतील, पण पुढं तज्ज्ञांनीच भारी जमिनीला थोडा उतार ठेवलेले बांध सांगितले. मुरमाड रानात मात्र त्याच कामानं माती टिकली, ते नाकारता येत नाही. वरच्या पट्टीत दगडी सांडवा अजून शाबूत आहे.

बहात्तरच्या दुष्काळात चित्र पालटलं. तेव्हा बांध, नाला बंडिंग, पाझर तलाव ही कामं मजुरी देण्यासाठी निघाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला. आई खडी फोडायला जायची. कामाचा बोजा सातबाऱ्यावर चढवायचा, ही गोष्ट हळूहळू मागं पडली. जुन्या ओळी मात्र कुणी पुसल्या नाहीत.

घरच्या पत्र्याच्या पेटीत सारा भरल्याच्या पावत्या निघाल्या. चारांवर बंडिंगचा हप्ता लिहिलाय, शेवटची सापडत नाही. महसूल खात्यानं अशा कालबाह्य नोंदी कमी करायच्या मोहिमा काढल्यात, हे तलाठी भाऊसाहेबांकडून कळलं. त्यांनी जुन्या फेरफाराची नक्कल मागितली, ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढायला मला तीन हेलपाटे पडले. तुमच्या उताऱ्यावर बंडिंग, तगाई असं काही असेल तर कर्जाची गरज पडायच्या आधीच फेरफार नंबर बघून ठेवा, तो ओळीच्या कडेलाच गोलात असतो.

माझा फेरफार धरलाय. मंडल अधिकाऱ्यांची सही व्हायचीय. विहीर बहुतेक पुढच्या उन्हाळ्यावर गेली.